बेटाचं क्षेत्रफळ

फॉर्ममध्ये सोळा रकाने आहेत.
सातवा : क्षेत्रफळ, चौरस मीटरमध्ये.

गांधीसागराच्या मधोमध बेट आहे.
बेटावर बाग, कावळ्यांनी पांढरी केलेली बाकं,
आणि एक कारंजं,
ज्याच्या तोंडात कुणीतरी कुरकुऱ्यांचं पाकीट कोंबलंय.
जायला पूल आहे, पण काठ मोजायचा
तर पाण्यातूनच जावं लागतं.
म्हणून शिवचरण नान्हेचा डोंगा,
म्हणून सकाळी सहाला मी,
सहा महिन्यांच्या करारावरची,
आणि फितीचं शून्याचं टोक धरून
तानबाजी मडावी, फेब्रुवारीत निवृत्त होणारे.

राजाचा तलाव, असं दफ्तरात आहे.
कुठल्या राजाचा, तिथं शाई फुटलीय.
शिवचरण म्हणतो, मासोळीले इचारा.

एक फेरी झाली. एकशे ब्याण्णव मीटर.
तानबाजींनी फीत गुंडाळली,
ओल्या पायऱ्यांवरच्या शेवाळाची रेघ बोटानं दाखवली,
पाण्याच्या हातभर वर.
"हे पोळ्याच्या वक्ताचं पाणी.
अन् मे महिन्यात तं तिकडच्या दगडालोक चिखल.
पाणी उतरलं का बेट वाढते,
चढलं का घटते.
आता कोन्त्या महिन्याचं लिहाचं, मॅडम?"

मी रकाना मोकळा सोडला.

मग छत्र्या, राजघाटाच्या.
पहिल्या छत्रीत चार पोरं पोलीस भरतीचा अभ्यास करत होती,
दुसरीच्या खांबावर खडूचे तीन स्टंप.
तिसरीत एक बकरी. उठली नाही.
दगडात कोरलेला मोर, मान नसलेला;
मानेच्या जागी कुणीतरी रबरबँड अडकवून ठेवलेत,
दहा-बारा, रंगीत.
पोरांपैकी एकानं पेन बंद न करता विचारलं,
"हे पाडून राहिले का जी?"
नाही, म्हटलं. मोजून राहिलो.
"मंग ठीक हाय." आणि पुन्हा
कलम तीनशे नऊ, मोठ्यानं.

दहाव्या रकान्यात 'सद्यस्थिती' :
उत्तम, बरी, जीर्ण, यांपैकी एकावर खूण.
बकरीसाठी जागा नव्हती.

दुपारी तर्री-पोहे, उभ्यानं.
तानबाजींनी तर्री नको म्हटलं, पित्त होते.

सक्करदऱ्याकडच्या त्या समाधीशी
फीत काढण्याआधी त्यांनी चपला काढल्या.
बेटावर काढल्या नव्हत्या.
छत्र्यांत काढल्या नव्हत्या.
ऑक्टोबरचं ऊन, तापलेली फरशी,
आणि ते अनवाणी, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात,
शून्य धरून.
मी बारा मीटर चाळीस वाचलं,
त्यांनी मान हलवली, जसं कुणी
घरच्या माणसाचं वय सांगितल्यावर हलवतं.

मी विचारलं नाही.
विचारायचं ठरवलं होतं,
पण तेवढ्यात त्यांनीच विचारलं,
"अकरावा रकाना कायचा हाय?"
"मालकी."
"काय लिवता?"
"शासन."
"हो," म्हणाले. "लिवा तसंच."
आणि पायाला चिकटलेला
कडुनिंबाचा पाला झटकला.

संध्याकाळी ऑफिसात मी फॉर्म जोडले.
साहेबांनी पहिलाच परत केला :
सात नंबर रिकामा का?
मी सांगितलं, पाण्याचं.
ते म्हणाले, अहो सरासरी टाका.

टाकली.
दोन हजार सातशे चाळीस चौरस मीटर.
एवढं बेट वर्षातून दोनदाच असतं,
एकदा उतरत्या पाण्यात, एकदा चढत्या,
कधी, ते शिवचरणलाच माहीत,
आणि त्याच्याकडे फॉर्म नाही.

घरी आल्यावर पिशवीत फीत सापडली.
शून्याच्या टोकाला पितळी कडी,
तीस वर्षांच्या अंगठ्यानं एका बाजूला
झिजून चमकणारी.
कडी पट्टीशी धरून पाहिली.
दोन मिलिमीटर कमी.
म्हणजे सगळंच, बेट, छत्र्या, ते बारा चाळीस,
तेवढंसं चुकलेलं.

शेऱ्याचा रकाना सोळावा.
त्यात मी काही लिहिलं नाही.